एकावर फिरतं

फिरत होता. तेच तर फसवं.
दिवा लागत होता, ड्रम घरघरत होता,
कौस्तुभच्या जीन्सचं बटण पत्र्यावर टकटक वाजत होतं,
आणि दीड तासानं दार उघडलं तर
टॉवेल ओलेच. गार,
तापातून उठलेल्या माणसाच्या तळव्यांसारखे.

उन्हाळ्यापासून एका फेऱ्याचे दोन झाले होते,
दोनाचे तीन.
आम्ही सवय करून घेतली,
घरातली माणसं एकमेकांची घेतात तशी.
आता डिसेंबर. ईरीच्या सरोवरावरून बर्फ आडवं येतंय,
तळघराची खिडकी निम्मी बुजलीय,
आणि नऊ जणांचे असावेत इतके ओले मोजे
आम्हा तिघांचे.

शेजारचे स्टॅन विस्निएव्स्की मीटर घेऊन आले.
बत्तीस वर्षं इंजिनांच्या कारखान्यात. आता गुडघे वाजतात,
बोटं मात्र शहाणी.
आधी ब्रेकर पाहिला.
"याला दोन फेज लागतात," म्हणाले,
"एक गेली तरी मोटर चालते, ऊब येत नाही.
एकावर फिरतं. दोन्हींवर तापतं."
आमच्या दोन्ही शाबूत होत्या. पुढं सरकलो.

प्लग काढला. जाळी काढली.
जाळी मी दरवेळी साफ करते, मी जरा फुगूनच सांगितलं.
त्यांनी ती नळाखाली धरली:
पाणी वरच थांबलं, अळवाच्या पानावर थांबावं तसं.
सुगंधी कागदांचा मेणचट थर, बारा वर्षांचा.
भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश.
पाणी आरपार पडलं तेव्हा
त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे बरं केलं.

मागचा पाइप पेटीच्या भात्यासारखा, चुण्याचुण्यांचा.
प्रत्येक चुणीत आम्ही साठलेलो.
कोपरापर्यंत हात घालून ओढत राहिले:
करडा, मऊ, पिंजलेला ऐवज,
मध्येच सोलापुरी चादरीचा मेंदी रंग,
आणि खाली, खूप खाली, पिवळा,
कौस्तुभच्या डायनोसॉरच्या पायजम्याचा,
जो आता त्याच्या मांडीवरही चढणार नाही.

मग बाहेर, बर्फात. भिंतीवरची झडप अर्धवट उघडी,
आत वसंतातलं रिकामं घरटं.
काड्या, एक ठिपक्यांचं पीस,
आणि आतून अस्तर
हेरंबच्या निळ्या स्वेटरचं.
साळुंकीच्या जातीचंच कुणीतरी
आमच्या उबेवर संसार करून गेलं होतं.
चिडता येईना.

फ्यूज शेवटी सापडला, हीटरच्या डब्यावर,
नखाएवढा.
मीटरची दोन टोकं लावली. मीटर गप्प.
"नुसता हाच बदलला असता," स्टॅन म्हणाले,
"तर आठवड्यात परत गेला असता.
त्याला शिव्या नका देऊ. घर जळू दिलं नाही त्यानं."

नवा फ्यूज, नवा कडक पाइप, सरळ, आखूड.
स्क्रू लावता लावता मी विचारलं, तुमचे कपडे?
"दोन शर्ट. दोरी बांधलीय."
आणि ड्रायर?
"आहे की. डोलोरेस गेल्यापासून
टोमॅटोच्या बरण्या ठेवतो त्यावर."
बिघडलाय?
"नाही बहुतेक," म्हणाले, आणि मीटरच्या तारा
गरजेपेक्षा जास्त वेळ गुंडाळत बसले.

रिकामा चालवून बघू नये, म्हणून
बर्फात भिजलेला अंगातला फ्लॅनेलचा शर्ट
त्यांनीच काढून आत टाकला.
चाळीस मिनिटं बनियनवर, आल्याचा चहा पीत,
दोघंही त्या गोल काचेकडे बघत.
शर्ट निघाला तो वाफाळता.
गळ्यापर्यंत बटणं लावली त्यांनी,
क्षणभर कॉलर दोन्ही हातांनी धरली,
आणि गेले.

रात्री जाळी ओढली:
पातळ लाल पापुद्रा.
आमच्यात लाल कुणी घालत नाही.

शनिवारी त्यांच्याकडे जायचं ठरवलंय. त्यांना अजून सांगितलं नाही.
मीटर त्यांचा, ब्रश माझा,
बरण्या उतरवायला कौस्तुभ.